दहा गुण वजा

ओळखीपाळखीची माणसं मला अधूनमधून विचारतात, "तू होतास ना त्या राजवाड्याच्या हॉटेलात? पोरांना घेऊन जावं का? की मोठ्यांनीच जाण्यासारखं आहे?" मी एका शब्दात उत्तर देत नाही, कारण तो शब्द चारचौघांत बोलण्यासारखा नाही. मी त्यांना बाईंची गोष्ट सांगतो. ऐकून कुणी जातं, कुणी जात नाही.

आधी राजवाडा म्हणजे काय ते सांगतो. पूर्वी ते फर्निचरचं गोदाम होतं. खांब प्लास्टरचे, आतून पोकळ, टिचकी मारली की रिकाम्या डब्यासारखे वाजायचे. लाल गालिचा फरशीला चिकटवलेला होता आणि त्याला कायम ओल्या कुत्र्याचा वास यायचा. लोक इथं तीन दिवस राहायला यायचे ते राजे व्हायला. आत शिरलं की झगे आणि मुकुट मिळायचे. बारा वर्षांखालची मुलं बालराजे आणि बालराण्या, त्यावरची युवराज, आणि आईबाप महाराज-महाराणी. आम्ही सेवक आणि दासी. म्हणजे नोकरांनीच नोकराचं सोंग आणायचं आणि त्यासाठी वेगळा गणवेश घालायचा.

मी दरबाराच्या दाराशी काठी आपटून ललकारी द्यायचो. त्याआधी बावीस वर्षं बसस्टँडवर गाड्या पुकारायचो. मग तिथं रेकॉर्ड केलेला आवाज आला आणि माझा घसा बेकार झाला. राजवाड्यात मला सगळे भोंगा म्हणायचे. फक्त बाई मला भाऊ म्हणायच्या.

बाई एकतीस वर्षं शिशुवर्गाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावर घरात बसून त्यांना करमेना. हॉटेलच्या जाहिरातीत लिहिलं होतं, 'मुलांमध्ये रमणाऱ्या ज्येष्ठ महिला पाहिजेत'. त्यांना वाटलं, गोष्टी सांगायच्या असतील. पहिल्या दिवशी त्या पिशवीत कागदाच्या बाहुल्या घेऊन आल्या. मॅनेजरनं बाहुल्या बाजूला ठेवायला सांगितल्या आणि एक करडा, गोणपाटासारखा झगा हातात दिला. त्याला ठिगळं लावलेली होती. बाईंनी झगा उलटसुलट करून पाहिला आणि मला म्हणाल्या, "ठिगळंसुद्धा कोऱ्या कापडाची आहेत हो." मग चष्मा काढून ठेवावा लागला, कारण दासी चष्मा लावत नाही म्हणे. चष्म्याशिवाय त्यांना चार पावलांपुढचं धूसर दिसायचं. हातात भरलेल्या पेल्यांचा ट्रे घेऊन त्या भिंतीच्या कडेकडेनं चालायच्या.

दरबारात मोठा फलक होता. 'नोकरवर्गाशी एकेरीतच बोलावे. तुम्ही, प्लीज, थँक्यू असे शब्द वापरल्यास दहा गुण वजा.' मॅनेजर हातात पितळी घंटा घेऊन फिरायचा. कुणी चुकून "तुम्ही" म्हटलं की टण्ण. रुबाबात हुकूम सोडला की गुण वाढायचे. शेवटच्या सकाळी ज्या कुटुंबाचे गुण जास्त, त्यांचा मोठ्या सिंहासनावर फोटो. त्या फोटोपायी शिकलीसवरली माणसं पहिल्या संध्याकाळपासून अरे-तुरेवर यायची. गंमत म्हणजे हाच मॅनेजर आमच्या खोलीत आला की म्हणायचा, "बाई, प्लीज, तुम्ही जरा लवकर तयार व्हाल का?" तिथं घंटा वाजत नव्हती. पोरगा वाईट नव्हता. प्रशिक्षणात जे घोटवून घेतलं तेच तो करायचा, आणि त्याचा मला जास्त राग यायचा.

आणखी एक खेळ होता. रोज दासीनं मुद्दाम एक चूक करायची आणि पाहुण्यांनी वाटीतून शिक्षेची चिठ्ठी उचलायची. बहुतेक वेळा निघायचं, 'कोपऱ्यात तोंड करून उभी राहा'. बाईंनी वर्गात एकाही पोराला कधी कोपऱ्यात उभं केलं नव्हतं. इथं त्या स्वतः उभ्या राहायच्या, आणि मागं हशा पिकायचा. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी तोंड फिरवलं. दहाव्यांदा पाहिलं तेव्हा मी ललकारीच्या आधी घसा साफ करत होतो. माणसाला किळसवाण्या गोष्टींचीही सवय होते, हे मी तिथं स्वतःवरून शिकलो.

बाई मात्र सगळ्यांना वर्गातल्यासारखं निरखायच्या. मोठ्यांबद्दल त्यांचं मत सरळ होतं. एकदा एक साधासुधा दिसणारा गृहस्थ आला होता, कुठल्यातरी कचेरीत आयुष्यभर "हो साहेब" म्हणत आलेला. दुसऱ्या दिवशी त्यानं एक द्राक्ष गालिच्यावर टाकलं आणि बाईंना उचलायला लावलं. त्यांनी उचललं. त्यानं दुसरं टाकलं. मग तिसरं. असा अख्खा घोस संपवला. तो हसतसुद्धा नव्हता. त्याची बायको शेजारी बसून नखं न्याहाळत होती. मला वाटलं, त्याच्या टाळक्यात काठी घालावी. बाई नंतर पाठीला हात लावून म्हणाल्या, "याचं काय घेऊन बसलात? हा घरूनच शिकून आलाय. इथं फक्त परवानगी मिळाली."

चौदा-पंधराच्या पोरांना बघून त्यांना वाईट वाटायचं. ती पोरं एकटी असली की बाईंच्या नजरेला नजर देत नसत, आणि चारजण जमली की मोबाइल काढून शिक्षेचं चित्रण करत. बाई म्हणायच्या की यांना लाज वाटते, आणि ती लपवायला ती जास्त दांडगाई करतात. लहानांबद्दल मात्र त्या बोलायच्या नाहीत. एकदाच मॅनेजरला म्हणाल्या, पोरं आपापली घर-घर खेळतात तेव्हासुद्धा आई पाळीपाळीनं होतात. इथं कुणाची पाळीच येत नाही. मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी दासी व्हावं, आम्ही राण्या होऊ, मग बघा पोरांना खेळ कळतो की नाही. मॅनेजर गोड हसला आणि म्हणाला की दासी व्हायला इथं कोण येईल, बाई.

मग ते कुटुंब आलं. बाप, आई, चौदा वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी. मुलीचे पुढचे दोन दात पडलेले होते आणि मुकुट सारखा कानावर घसरत होता. बापाला फोटो हवाच होता. पहिल्याच संध्याकाळी त्यानं फलकाजवळ उभं राहून इतरांचे गुण टिपून घेतले. त्याचं स्वतःचं एकेरी फार छान चाललं होतं. मुलाचंही. घोडं पेंड खात होतं ते मुलीपाशी. ती बाईंना पाहताक्षणी म्हणाली, "आजी, तुम्ही इथंच राहता?" टण्ण. बाप हसला. बाईंनी पाणी दिलं तर "थँक्यू". टण्ण. निजायला जाताना "तुम्हालापण गुडनाइट". टण्ण. तोवर बापाचं हसू मावळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिसऱ्या नंबरावर होते. भावानं तिच्या पाठीत कोपर मारलं. बापानं तिला खांबामागं नेऊन समजावलं. "अगं, खेळ आहे नुसता," एवढंच मला ऐकू आलं. ते वाक्य त्या इमारतीत इतक्यांदा ऐकलंय की आता खेळ हा शब्द कानावर पडला तरी मला शिसारी येते.

दुपारच्या जेवणात खारवलेले बटाटे होते. पोरीनं ते चवीनं खाल्ले आणि तिला तहान लागली. नियम असा की पाहुण्यानं स्वतः पाणी घ्यायचं नाही, हुकूम सोडायचा. बाई पेला घेऊन तिच्या खुर्चीशी उभ्या होत्या, हातभर अंतरावर. मुलगी म्हणाली, "तुम्ही मला पाणी देता का?" टण्ण. मॅनेजरनं फलकावर आकडा खोडला. बापानं बाईंच्या हातातल्या पेल्यावर तळहात ठेवला आणि मुलीला म्हणाला, "नीट मागशील तेव्हाच मिळेल."

आई म्हणाली, "अहो, जाऊ द्या ना, लहान आहे."

"लहान आहे म्हणूनच. एवढं साधं जमत नाही हिला?"

तिच्या ओठांच्या कडेला मीठ चिकटलं होतं. ती पेल्याकडे बघायची, मग बाईंकडे, आणि मान हलवायची. आजूबाजूचे राजे-महाराजे जेवण थांबवून बघायला लागले. एकानं पैज लावल्यासारखं घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं गेली, मग दहा. एवढ्या माणसांत एकानंही उठून त्या पोरीला घोटभर पाणी दिलं नाही. मीही नाही. माझी काठी माझ्या हातात होती आणि मूग गिळून मी दाराशी उभा होतो.

बाईंना ते बघवेना. पेला तसाच पुढं केला असता तर बापानं तो पुन्हा अडवला असता, आणि मग तिला रागावलाही असता. त्या खाली बसल्या, गुडघे दुखत असूनही बसल्या, आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, "हे बघ बाळ, मी नाटकातली आहे. तू म्हण. मला मुळीच वाईट वाटणार नाही."

"पण तुम्ही खऱ्याच आजी आहात," मुलगी म्हणाली.

टण्ण.

आता तिचे डोळे भरून आले. बाईंनी क्षणभर डोळे मिटले. मग त्यांनी ते केलं, जे त्यांना जगात सगळ्यात चांगलं जमत होतं. पेला जमिनीवर ठेवला, दोन्ही हात तिच्यासमोर धरले आणि टाळीवर म्हणाल्या, "माझ्या मागनं म्हण हं. ए."

"ए."

"पाणी."

"पाणी."

"आण."

मुलीनं भावाकडे पाहिलं, मग बाईंच्या हातांकडे. बाई हसल्या आणि पुन्हा टाळी दिली. तिनं टाळीवर टाळी देत म्हटलं, "ए, पाणी, आण." मॅनेजरनं मला खूण केली आणि मी काठी आपटून, बसस्टँड हादरेल अशा आवाजात ओरडलो, "बालराणी सरकारांचा विजय असो." सगळा दरबार टाळ्या वाजवू लागला. बापानं तिला उचलून घेतलं. तिनं दोन घोटांत पेला संपवला आणि बाईंनी बाहीनं तिची हनुवटी पुसली. मला वाटलं, सुटली बिचारी. दोघीही सुटल्या.

तासाभरानं तिचा चमचा खाली पडला. "ए, चमचा उचल." तिनं टाळ्यांसाठी इकडेतिकडे पाहिलं आणि टाळ्या मिळाल्या. संध्याकाळी बाईंनी ठरलेली चूक केली तेव्हा चिठ्ठी तिनंच उचलली, भावानं वाचून दाखवली, आणि ती बोट दाखवून म्हणाली, "जा, कोपऱ्यात." या वेळी तिनं कुणाकडे पाहिलं नाही. मुकुट एका हातानं सावरून ती मागं रेलून बसली. बाई कोपऱ्यात नेहमीपेक्षा जास्त वेळ उभ्या राहिल्या. संपलं म्हणून सांगितलं तरी वळेनात. मी जवळ गेलो तर म्हणाल्या, "थांबा भाऊ, जरा."

शेवटच्या सकाळी त्या कुटुंबाचा सिंहासनावर फोटो झाला. मग झगे-मुकुट परत करून सगळे माणसांच्या कपड्यांत आले. बाप चौकटीच्या शर्टात भलताच किरकोळ दिसत होता. बाईंची कामाची वेळही तेव्हाच संपली. घरचे कपडे, डोळ्यांवर चष्मा, खांद्याला पिशवी, अशा त्या माझ्याबरोबर बाहेर पडत होत्या. पायऱ्यांवर ते कुटुंब गाडीची वाट बघत उभं होतं. बाईंनी मुलीकडे पाहून हात हलवला आणि म्हणाल्या, "चाललीस का बाळ? नीट जा हं."

मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या बुटाची नाडी सुटली होती. तिनं पाय पुढं केला.

"ए, बांध."

बाप गोरामोरा झाला. ओशाळं हसत आमच्याकडे बघून म्हणाला की पोरं म्हणजे काय, डोक्यात घेऊनच बसतात. मग तिला म्हणाला, "असं बोलायचं नाही, सोनू. खेळ संपला. आजींना तुम्ही म्हण."

तिला ते खरंच कळलं नाही. तिनं बाईंचा चष्मा पाहिला, कपडे पाहिले, चेहरा नीट निरखून घेतला आणि बापाला म्हणाली, "पण बाबा, ही तीच आहे."

आईनं गाडी आली का ते बघायला मान वळवली. बाई वाकल्या. त्यांनी नाडी बांधली, वरून दुसरी गाठ मारली, आणि तिचा मोजा नीट वर ओढला. गाडी आली आणि ते गेले.

बाई पायरीवर बसल्या त्या बसल्याच. मला त्या बापाची शिसारी येत होती, त्या घंटेची येत होती, आणि कालच्या माझ्या ललकारीची सगळ्यात जास्त. तरी काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, जाऊ द्या बाई, सहा वर्षांची पोर ती, आठ दिवसांत विसरून जाईल.

त्यांनी चष्मा काढला, काचा पदरानं पुसत राहिल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी शिकवलेलं आजवर एकही पोर विसरलेलं नाही, भाऊ."