शाली पांघरून केलेली वीजबचत

विद्यापीठातली वीज कशी वाचवावी, यावर परवा सभा झाली. सभागृहातला एसी इतका गार, की सत्कारात मिळालेल्या शाली पाहुण्यांनी चक्क अंगाभोवती गुंडाळून घेतल्या. बाहेर चैत्रातलं लख्ख ऊन, आणि आत पडदे ओढून दिवे लावलेले. मी ऊर्जाबचत समितीचा सदस्य. घरीही सगळ्यांच्या मागे दिवे मालवत फिरतो, त्यामुळे घरच्यांच्या शिव्यांचा अनुभव दांडगा. मलाही शाल मिळाली होती. छान ऊब होती.

तेवढ्यात इथंच शिकणारी माझी लेक दारात आली. कपाळावरून घाम ओघळत होता.

“बाबा, अभ्यासिकेतले पंखे बारा ते चार बंद ठेवलेत. उद्या पेपर आहे आमचा!”

“कुणी बंद केले?”

“तुमच्या समितीनं. नोटिशीवर तुमचीच सही आहे की!”

ती मी न वाचताच ठोकली होती. संताप आला, आणि पहिल्यांदा स्वतःचाच. काटकसर ठरली की आपला हात नेमका दुसऱ्याच्याच बटणाकडे कसा जातो? कार्बन कमी करायचा तो पोरांच्या घामानं, आणि आपण शालीत बसून टाळ्या वाजवायच्या!

“बघतो हं,” मी म्हणालो.

“बघू नका. येऊन बसा तिथं.”

गेलो. पाच मिनिटांत सदरा पाठीला चिकटला. तिथूनच कुलसचिवांना फोन लावून ओरडलो, “पंखे सुरू होईपर्यंत मी इथून हलणार नाही!”

वहीनं वारा घेत लेक कुजबुजली, “बाबा, हळू. सगळे वाचतायत.”