अजून यायच्या माणसांची खुर्ची

मुलांनो, साऱ्या मेडनहेडमध्ये घाई म्हणजे काय हे ठाऊक नसलेला एकच माणूस आहे, आणि तो आमच्या भिंतीपलीकडे राहतो. हे शेजारकाका मूळचे नागपूरचे, नगररचनाकार. उमेदीची वर्षं कॅनडात गेली. तिथे नदीच्या एका काठाला आदिवासींचं राष्ट्र आहे, त्याचं स्वतःचं सरकार आहे. दुसऱ्या काठाला शहर आणि त्याची कौन्सिल. दोघांनी मिळून नदीकाठाचा पुढच्या शंभर वर्षांचा आराखडा करायचा, ही काकांची अकरा वर्षांची खटपट. निवृत्त होऊन इथे इंग्लंडात आले तरी संध्याकाळी लॅपटॉप उघडून ते मीटिंगला बसत. तिकडे तेव्हा सकाळ असे. त्यामुळे काकांची सगळी मापं शंभर वर्षांची. किटली घेताना दुकानदाराला विचारतात, "हिचं झाकण पणतूला मिळेल ना?" अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी अक्रोड लावला आणि त्याची सावली आमच्या बागेत पडेल म्हणून माझी आगाऊ माफी मागितली.

त्या मीटिंगांत दोन्ही सरकारांनी मिळून एक रीत पाडली होती: एक खुर्ची अजून न जन्मलेल्या मुलांसाठी रिकामी ठेवायची. काकांनी ती रीत शेजारच्या स्लाऊ गावातल्या गणपती मंडळात आणली. खुर्च्या मोजक्या, गुडघे सगळ्यांचेच दुखरे. सेक्रेटरीबाई बसू लागल्या तर काका म्हणाले, "तिथे माणसं आहेत."

"कोण हो? गेलीत कुठे?"

"जातात कुठे, अजून यायचीत!"

बाई तासभर उभ्या राहिल्या आणि मग वर्षभर काकांशी बोलल्या नाहीत.

यंदा मात्र आराखडाच अडला. शहराचे नवे मेयर म्हणाले, शंभर वर्षं कोणी पाहिलीत? वीसवर सही करू. काकांचं जेवणावरून मन उडालं. शेवटच्या मीटिंगला मला म्हणाले, "वहिनी, आज माउस तुम्ही धरा." तिकडे मेयर उशिरा आले आणि नेमके त्या रिकाम्या खुर्चीत बसले. "अहो, उठा तिथून!" काका ओरडले. माइक मी बंद ठेवला होता, म्हणून बरं. कारण तेवढ्यात त्या राष्ट्राच्या सर्वांत वृद्ध आजी शांतपणे म्हणाल्या, "बसा. पण मग आज त्या मुलांच्या वतीने बोला."

मेयरांनी आराखड्याची पानं पुन्हा उलटली. शेवटी म्हणाले, "ही मुलं वीस वर्षांना हो म्हणणार नाहीत."

सही शंभर वर्षांवर झाली. काकांनी चष्मा काढून पुसला, आणि पुसतच राहिले.

आता त्यांच्या संध्याकाळी मोकळ्या असतात, म्हणून ते चहाला आमच्याकडे येतात. परवा खिडकीजवळच्या खुर्चीत बसू लागले, तशी मी म्हणाले, "तिथे माणसं आहेत."

"अजून यायचीत?"

"आलीत हो, माझीच मुलं. पण लांब असतात."

काकांनी आपला कप उचलला आणि स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन आले.