जखमी : निरंक

“आग विझवूची आसता, वाचूची नसता. बस गो खाली.”

आबा हे बोलले तेव्हा मी उभी होते. हातात आराखड्याची प्रत. दोन ठिकाणी पेनाने खुणा करून आणलेली. पुढच्या रांगा हसल्या. मंचावरचे साहेबही हसले. मग त्यांना ते बरं दिसत नाही असं वाटलं असावं, कारण त्यांनी समोरची पाण्याची बाटली उघडली आणि उगाचच एक घोट घेतला.

मी खाली बसले. हे आधीच सांगून टाकते. पेटून उठले, सुनावलं, असं काही झालं नाही. बसले. कानशिलं तापली होती. शेजारी आमच्या वाडीतली शांताकाकी होती. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बैठक तालुक्याची होती. आपत्तीचा जुना आराखडा बदलायचा होता. जुन्यात वादळ होतं, उधाण होतं, पूर होता. किनाऱ्यावरच्यांची काळजी होती, ती असायलाच हवी. पण आत, कट्टा गावाच्या पुढे, कातळाच्या उघड्या माळावर, आमच्या सड्यावर, दर उन्हाळ्यात वणवा लागतो तो कुठेच नव्हता. आता नियम नव्याने होणार, वणव्याचं वेगळं प्रकरण घालणार, लोकांच्या सूचना घेणार, असं पत्रक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलं. मी बारावी शिकलेली. लोक म्हणजे आपणही, असं मला वाटलं.

आबा म्हणजे आमच्या गावचे बागायतदार. सड्याच्या उतारावर काजू, खाली हापूस. त्यांच्या बागेच्या वर गडगा आहे, दगड रचून केलेला. गडग्याच्या पलीकडे सडा आणि सड्याला लागून आमची बौद्धवाडी. माझी आई त्यांच्या बागेत राबली. मीही राबते. काजी वेचायच्या, बोंडू पिळून बी काढायची, गवत कापायचं. आणि वणवा आला की विझवायचा. हे शेवटचं काम कुणी कधी काम म्हणून सांगितलं नाही. ते आमचंच होतं, एवढंच.

त्या बैठकीच्या आदल्या उन्हाळ्यात आग लागली. दुपार होती. वारा समुद्राकडून चढत होता. सड्यावरचं करडाचं गवत हाडासारखं वाळलेलं. वरच्या विजेच्या तारा एकमेकींना लागल्या असं म्हणतात, खरं कोणाला माहीत. आबांचा कामगार नामदेव वाडीत धावत आला.

“सडो पेटलो! चला सगळ्यांनी! बाग जातली!”

त्याने वाडी जाईल असं म्हटलं नाही. आमची घरंही तेवढ्याच अंतरावर होती. पण आम्हीही त्या वेळी तसाच विचार केला. बाग. हातात कोयत्या घेतल्या, कुंभ्याच्या ओल्या फांद्या तोडल्या आणि निघालो.

ज्यांनी वणवा विझवला नाही त्यांना वाटतं पाणी मारतात. सड्यावर पाणी कुठलं? ओली फांदी घ्यायची आणि ज्वाळेच्या मुळावर मारायची. वरून मारली तर ठिणग्या उडतात. वाऱ्याकडे पाठ ठेवायची. एकमेकांत हातभर अंतर ठेवायचं, आणि मागे वळून बघत राहायचं, विझलेलं पुन्हा पेटतं म्हणून. माझ्या पायात रबरी चप्पल होती. ती कातळाला चिकटायला लागली. काढून फेकली तर पाय चटचटले. पुन्हा घातली.

आई माझ्या डाव्या हाताला होती. गडग्यापाशी आग पोचली तेव्हा पलीकडचं पहिलं कलम पेट घेऊ लागलं. आई गडग्यावर चढली. फांदी संपली होती, नुसतं दांडकं उरलं होतं. तिने खालचं पेटतं गवत दोन्ही हातांनी ओढून मागे टाकलं. हातांनी. मी ओरडले, पण धुरात तिला ऐकू आलं नाही.

ते कलम तिनेच लावलेलं होतं. म्हणून असेल.

आग विझली तेव्हा बंब आला. रस्ता अरुंद, सड्यावर चढेना. तो खालीच उभा राहिला. बंबावरची माणसं, तलाठी, वनखात्याचे एक जण, सगळे आबांच्या पडवीत बसले. त्यांना काचेच्या ग्लासातून कोकम सरबत. आम्ही अंगणात, खळ्याच्या कडेला उभे. आम्हालाही सरबत मिळालं. कागदी कपातून. आता कोणी नारळाची करवंटी देत नाही. कागदी कप देतात आणि सोयीचे असतात म्हणतात. धुवायला नकोत.

तलाठी पडवीत पंचनामा लिहीत होते. किती कलमं गेली, किती होरपळली, ठिबकच्या नळ्या किती, पंपाची केबल. आबा एकेक सांगत होते. मग तलाठ्यांनी विचारलं, “जखमी?”

आबांनी आमच्याकडे बघितलं. आईने दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

“निरंक लिवा,” आबा म्हणाले. “मजूर आसत ते. सवय आसा तेंका.”

निरंक लिहिलं गेलं. मी पंधरा पावलांवर होते. मला वाचता येतं, लिहिता येतं, बोलता येतं. बोलले नाही. आबांनी मला नंतर जे काही म्हटलं त्याच्यापेक्षा हे मला जास्त बोचतं.

रिक्षाने आईला दवाखान्यात नेलं. वाटेत ती एकच सांगत राहिली. “चुलीवर भाजलंय म्हणान सांग. बागेचा नाव काढू नको. मगे कामाक कोण बोलयतला?”

केसपेपर करणाऱ्या बाईंनी विचारलं, कसं भाजलं? मी म्हणाले, चुलीवर. त्यांनी लिहिलं. आईच्या तळहातांची कातडी मोज्यासारखी सुटली होती. अशी कुठल्या चुलीवर भाजते? पण त्यांनी परत विचारलं नाही. मीही परत सांगितलं नाही.

हात बरे झाले, म्हणजे कातडी आली. बोटं आखडली ती आखडलीच. तिला आता कोयतीची मूठ धरता येत नाही. भाकरी थापताना अर्ध्यावर मोडते. मग पीठ माझ्याकडे सरकवते.

पावसाळ्यानंतर मी कचेरीत अर्ज घेऊन गेले. कोणीतरी सांगितलं होतं, आपत्तीत जखमी झालेल्यांना काहीतरी मदत असते. कारकुनाने केसपेपर बघितला. तो वाईट माणूस नव्हता. त्याने नीट बघितला, दोन्ही बाजूंनी.

“इथे चूल लिहिलंय,” तो म्हणाला. “आणि पंचनाम्यात जखमी निरंक. चुलीला आपत्ती म्हणत नाहीत, बाई.”

मागे रांगेत कोणीतरी हसलं. मी कागद घडी करून पिशवीत टाकले. एसटीत बसल्यावर मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. राग आला, आणि तो आधी माझाच आला. एक निरंक आबांनी लिहायला लावलं. दुसरं मी.

त्यानंतर मी कागद वाचायला लागले. नुसता मजकूर नाही. कोण कोणाला काय करायला लावतंय ते.

म्हणून नव्या आराखड्याचा मसुदा ग्रामपंचायतीत आला तेव्हा मी मोबाईलवर पान न् पान टिपून आणलं. रोज थोडा वाचला. वणव्याच्या प्रकरणात लिहिलं होतं की बंब पोचेपर्यंत ‘स्थानिक स्वयंसेवक स्वेच्छेने’ आग आटोक्यात आणतील. स्वेच्छेने. हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. नामदेव ओरडत येतो आणि आम्ही हातातलं टाकून धावतो, त्याला सरकारी भाषेत हे म्हणतात. स्वेच्छेने गेलेला जळला तर काय, ते लिहिलेलं नव्हतं. त्याच्या पायात काय असावं, त्याला पाणी कोणी द्यावं, तेही नव्हतं. पुढे नकाशा होता. गवत काढून जाळपट्टे कुठे करायचे ते दाखवलेलं. आबांच्या बागेभोवती पट्टा होता. देवळाभोवती होता. आमची वाडी नकाशात नव्हतीच. जिथे आमची घरं आहेत तिथे ‘पडीक सडा’ असं छापलं होतं.

एवढंच विचारायला मी उभी राहिले होते. आमची वाडी कुठे आहे? आणि आबा म्हणाले, आग वाचूची नसता.

बैठक पुढे चालू राहिली. किनाऱ्याकडच्या एकांनी होड्यांबद्दल विचारलं, त्यांना उत्तर मिळालं. मग चहा आला. चहाबरोबर एक कागद फिरायला लागला. पुढून मागे. सगळे सही करत होते. शांताकाकीने केली आणि माझ्याकडे सरकवला.

मी वरचा मजकूर वाचला. ‘सदर आराखडा उपस्थितांना वाचून दाखविण्यात आला व तो सर्वांस मान्य आहे.’

वाचून कोणी दाखवला नव्हता. मी पेन खाली ठेवलं.

कारकून आला. “सही करा ना बाई. हजेरीची आहे.”

“हजेरीची असती तर केली असती,” मी म्हणाले. “इथे मान्य आहे लिहिलंय. मला मान्य नाही.”

माझा आवाज मोठा नव्हता, पण चहामुळे सगळे गप्प होते. साहेबांनी वर बघितलं. “ताई, तुमचं जे काही आहे ते नंतर लेखी द्या.”

“नंतर नको, साहेब. आताच लिहून घ्या.”

या वेळी मी उभी राहिले ती बसायला नाही. वाचलं. वाडी नकाशावर घाला. वाडीभोवती पट्टा करा. आगीवर जाणाऱ्यांची नावं जाण्याआधी वहीत लिहा. पायात बूट द्या. कोण भाजलं ते भाजलेल्याला विचारून लिहा, बागायतदाराला विचारून नको. हे शेवटचं मी कागदावर लिहून आणलं नव्हतं. ते तोंडातून आलं.

आबा हसत होते, पण मागे वळून. “आणि उद्या आग लागली की? मगे येतलस मां?”

“आमच्या घरांकडे येयत ती आमी विझवू, आबानू. तुमच्या बागेत येवक आधी नावां लिवा.”

तेव्हा शांताकाकीने माझ्यासमोरचं पेन उचललं. तिला सही तेवढीच करता येते. तिने तो कागद परत ओढला, आपली सही शोधली आणि तिच्यावर एक आडवी रेघ मारली. पेन एवढं दाबलं की कागद फाटला.

“माका वाटला हजेरीची आसा,” ती म्हणाली. कोणाला म्हणाली कोण जाणे.

आराखडा मंजूर झाला. आमच्या सूचनांपुढे ‘नोंद घेण्यात आली’ एवढं छापून आलं. नकाशात सडा पडीकच राहिला. या हंगामात आबांनी आमच्या वाडीला काजी वेचायला बोलावलं नाही. बाहेरून माणसं आणली, शेडमध्ये ठेवली. वाडीत माझ्याशी काही जण बोलायचे बंद झाले. शेजारच्या वहिनीने तोंडावर सांगितलं, “तुझ्या वाचण्यान आमची चूल थंड पडली.” तिचं खोटं नव्हतं.

कामं नव्हती तेव्हा आम्ही काही जणी मिळून वाडीभोवतीचं गवत कापलं. कोणी सांगितलं नव्हतं. सड्याच्या बाजूने रुंद पट्टा काढला, पाला ओढून लांब टाकला. दोन आठवडे लागले.

आणि मार्चमध्ये सडा पेटला. दुपारीच. नामदेव आला. या वेळी तो ओरडला नाही, वाडीच्या तोंडाशी उभा राहून म्हणाला, “आबांनी बोलवल्यानी.”

आम्ही पट्ट्यावर फांद्या घेऊन उभ्या होतो. आग आमच्याकडे आली, कापलेल्या जागेपर्यंत आली, थोडी चाचपडली आणि बागेकडे वळली. बागेत माणूस कोणी नव्हता. शेडमधली माणसं आधीच खाली पळाली होती, ते मी नामदेवला विचारून घेतलं. आत माणूस असता तर मी वही पुढे केली नसती.

वही माझ्या हातात होती. शाळेची, दोनशे पानी. वर तारीख घातलेली. “आबांका सांग,” मी म्हणाले, “खाली येवन सही करा. कोण कोण बागेत चढता तेंची नावां, आणि कोणाक काय झाला तर तेची जबाबदारी. मगे आमी चढतव.”

आबा स्वतः आले. लुंगी धुराने काळी झालेली. मी त्यांना असं धावताना कधी बघितलं नव्हतं.

“माझी बाग जळता आणि तुका वही होयी?”

“होय. वही होयी.”

त्यांनी वही बघितली. पेन मी पुढे धरलं होतं. एक सही. ते माझ्याकडे बघत राहिले, मग शांताकाकीकडे, मग मागच्या सगळ्यांकडे. वरच्या अंगाला काहीतरी तडतडलं. ते वळले आणि सही न करता गेले.

आम्ही चढलो नाही. ज्या वहिनीची चूल थंड पडली होती, तीही नाही.

गडग्यालगतच्या दोन रांगा गेल्या. मला आनंद झाला नाही. हे खोटं सांगणार नाही. हिरवं झाड जळताना जो वास येतो तो मला लहानपणापासून माहीत आहे.

आई उंबऱ्यात बसून होती. हात मांडीवर, बोटं आत वळलेली.

“माझ्या हातची कलमां होती गो ती,” ती म्हणाली.

“व्हय. होती.”

“एक सही, गो. केलीच नाय तेनी.”

मी आत गेले, वहीच्या त्या पानावर तारखेखाली लिहिलं: बोलावलं, नावं लिहायला नकार, गेलो नाही. खाली आम्हा सगळ्यांच्या सह्या घेतल्या. ज्यांना येत नाही त्यांचे अंगठे. ते पान मी ओरोसला जिल्ह्याच्या कचेरीत देऊन पोच घेतली आहे. ते फाईलमध्ये पडून राहील, मला माहीत आहे. मी दर महिन्याला जाऊन ते बाहेर काढायला लावणार आहे. आणि पुढच्या उन्हाळ्यात सडा पुन्हा पेटेल. तेव्हा आमची नावं आधी लिहिली जातील, नाहीतर बाग जळेल.