मानपत्रातली खोटी ओळ

अंगावर सत्काराची शाल असलेल्या माणसाला ‘मग सत्कार कशाचा?’ असं तोंडावर विचारणारं आमचं गाव. सणसरच्या पलीकडं, उसाच्या पट्ट्यातलं. ती दुपार आठवली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आणि त्यातली निम्मी आग माझ्या स्वतःवरच असते.

कारगिलचं वर्ष होतं ते. मी बारामतीला कॉलेजात होते, जळोचीत खोली घेऊन राहायचे. गणपतीत गावच्या मंडळानं ठरवलं, माजी सैनिकाचा सत्कार करायचा आणि लढाईचा पिक्चर दाखवायचा. गावात माजी सैनिक एकच, माझे वडील. गाव त्यांना तात्या म्हणायचं, घरी आम्हीही. एकाहत्तरच्या लढाईत ते होते, एवढं आम्हाला ठाऊक होतं आणि तेवढं पुरे वाटायचं.

मानपत्र लिहायचं काम अध्यक्षानं माझ्याकडं दिलं, कारण मी शिकलेली. मी एका बैठकीत लिहून टाकलं. ‘रणांगणावर अनेक शत्रूंना कंठस्नान घालणारे’ ही ओळ तर मला इतकी आवडली की मी ती मनातल्या मनात दोनदा वाचली. तात्या तेव्हा अंगणातच बसून खुरप्याला धार लावत होते. त्यांना एक शब्द विचारावा, असं काही मला सुचलं नाही.

रात्री लाइटचा भरवसा नसायचा म्हणून कार्यक्रम दुपारी, समाजमंदिरात ठेवला. भाड्याचा रंगीत टीव्ही आणला, व्हीसीआर आणला. कॅसेट बारामतीहून आली, तीही वरचा रणगाडा बघून. आत काय आहे ते कुणी बघितलं नव्हतं. हिंदी आवाज घातलेला कुठल्यातरी परदेशातला पिक्चर निघाला. त्यातला शिपाई साहेबापुढं उभा राहून सांगतो, मी बंदूक हातात धरणार नाही, जखमी माणसं उचलून आणीन.

“बांगड्या भर म्हणावं,” मागून कुणीतरी म्हणालं आणि समाजमंदिर हसलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. उसात डुक्कर शिरलं तर बांधावरून नुसते ओरडणारे हे लोक, त्यांना त्या शिपायाची लाज वाटत होती. अध्यक्षानं पिक्चर पुढं पळवला. गोळीबार काही सापडेना, तेव्हा बंदच केला.

“ऱ्हाऊ द्या की. बरा हाय पिक्चर,” पहिल्या रांगेतून तात्या म्हणाले. कुणी ऐकलं नाही.

मग शाल, नारळ आणि काचेच्या फ्रेममधलं मानपत्र. अध्यक्षानं माझी ओळ आली तिथं आवाज चढवला, टाळ्या पडल्या. तात्यांनी टाळ्या थांबेपर्यंत वाट बघितली आणि माइक हातात घेतला.

“ही ओळ खोटी हाय. मी दवाखान्याच्या पलटणीत हुतो. जखमी आणायचो. आमी मेंढरं राखणारी माणसं. लंगडं मेंढरू खांद्यावर घ्यायचं तर दोन्ही हातांनी त्याचं पाय धरावं लागत्यात, म्हणून धनगर आधी काठी खाली ठिवतो. मी बंदूक ठिवली. साहेबानं लई दम दिला, पर मी न्हाय घेतली. येवढी ओळ खोडा.”

“तात्या, फ्रेम केलीया आता,” अध्यक्ष म्हणाला. “असू द्या की. कोण बघतंय?”

“मी बघतोय न्हवं.”

तेव्हा मागून तो आवाज आला, “मंग सत्कार कशाचा?”

मेलेल्या-जगलेल्या माणसांना गोळ्या चालू असताना खांद्यावर घालून आणलं, त्याचा सत्कार, असं उठून सांगायला माझी जीभ का वळली नाही? मी बायकांच्या बाजूला बसले होते, हातभर अंतरावर. तात्यांनी विचारलं, “कुणी लिवलंय ह्ये?” अध्यक्ष म्हणाला, “तुमच्याच लेकीनं,” आणि लोक पुन्हा हसले. तात्यांनी शाल घडी करून टेबलावर ठेवली, तिच्यावर मानपत्र ठेवलं आणि ते चालायला लागले.

घरी येऊन मी तोंडाचा पट्टा सोडला. अडाणी गाव, गाढवापुढं वाचली गीता, आणि काय काय. तात्या पाणी पीत होते.

“ती परकी माणसं,” ते म्हणाले. “तू वीस वर्सं माझ्या ताटाला ताट लावून जेवलीस. तू तरी कवा इचारलंस?”

मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि विचारलं, “किती माणसं आणली तुम्ही?”

“मोजली न्हाईत. पयला तेवढा ध्यानात हाय.” तांब्या त्यांनी खाली ठेवला. “त्या दिशी बंदूक ठिवली नव्हती मी, पाठीला हुती. दर पावलाला तिचा दस्ता त्याच्या फुटल्याल्या मांडीवर आपटायचा. पोचंस्तवर वरडत हुता. माझ्या बंदुकीनं दुखावल्याला माणूस त्यो येकच, आन त्यो बी आपलाच.”