पाझर तलावातला बांगडा

फुलंब्रीजवळच्या आपल्या गावात काकासाहेबांनी दोन विहिरी खणल्या, दोन पोरांची लग्नं लावली आणि साठी उलटल्यावर मासे धरायला बसले. विहिरींना पाणी लागलं, पोरं नांदती झाली, मासा तेवढा लागेना.

गावामागे पाझर तलाव आहे. त्याच्या काठावर बाभळीखाली पोतं अंथरून ते वेळूच्या काठीचा गळ टाकत. पावसाळ्यात म्हणत, "पाणी गढूळ हाय, माशाला गळ दिसत नाय." थंडीत मासा गारठून तळाशी बसलेला असे. उन्हाळ्यात तळ्याची परात झाली, उघड्या पडलेल्या गाळात लोकांनी टरबुजं लावली आणि उरलेल्या पाण्यात म्हशी बसल्या. तेव्हा काकासाहेब म्हणाले, म्हशींपुढं मासा लाजतो. दुसरं वर्षही असंच सरलं. हिंग घातलेली कणीक मात्र मासे नेमानं खाऊन जात.

खरं सांगायचं तर मासा हे निमित्त. तळ्यावर बसलेल्या माणसाला कुणी गिरणीत धाडत नाही की कुणाच्या साखरपुड्याला ओढून नेत नाही. रोजच्या त्या तीन तासांवर काकासाहेबांचा फार जीव होता.

त्यांच्या बायकोचा, सरूबाईंचा, नव्हता. रोज गोळाभर कणीक जाते आणि खवलंसुद्धा घरात येत नाही, हे त्यांच्या डोक्यात बसलं. दिवाळी सरल्यावर त्यांनी निकाल दिला, "येत्या आयतवारी धाकटी सून येतीय. तवर मासा दिसला नाय, तर ही काठी पाणी तापवायच्या चुलीत गेली समजा."

शनिवारपर्यंत एक खेकडा तेवढा भेटून गेला. रविवारी सकाळी काकासाहेबांनी शहराची बस धरली. बाजारात रोहू, कटला तुकडे करून मांडलेले. तळ्यातून तुकडे निघत नाहीत एवढी अक्कल त्यांना होती. शेजारी बर्फावर निळसर पाठीचे, चकचकीत, अख्खे मासे होते. नाव विचारलं तर अडाणी दिसू, म्हणून बोट दाखवून सहा घेतले. परतताना तळ्यावर उतरून बर्फ धुतला, काठी भिजवली, गुडघ्यापर्यंत पायजमा ओला केला आणि ऐटीत घरी आले.

मासे धुवायला धाकटी सून तनुजा बसली. ती रत्नागिरीची. धाकट्या ऋतुराजशी लग्न होऊन शहरात, गारखेड्यात आल्याला तीन वर्षं झाली होती. तिनं एक मासा उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"मामा, हे कुठं मिळाले?" तिनं सासऱ्यांना विचारलं.

"हितंच की, तळ्यात. लई दमवलं एकेकानं."

"कशाला लागले?"

"कणकेला."

तनुजानं आवाज खाली आणला. "हे बांगडे आहेत, मामा. समुद्रातले. आमच्या दाराशी समुद्र आहे, पण कणकेला बांगडा लागलेला आजवर कुणी पाहिला नाही."

काकासाहेबांनी ओला पायजमा पिळायला घेतला. तेवढ्यात सरूबाई दारात आल्या. काठी त्यांच्या हातातच होती.

"काय गं, तळ्यातलाच हाय ना मासा? मला तर बाई शंका येतीय."

तनुजानं सावकाश विळी धुतली. "मस्त मासे आहेत, आई. मामांचा हात आत्ता कुठं बसलाय. काठी जाळू नका."

सरूबाई काठी कोपऱ्यात ठेवून मसाला वाटायला गेल्या. काकासाहेबांना गहिवरून आलं. अशी सून मिळायला पुण्याई लागते, असं ते म्हणणार होते.

"पुढच्या रविवारी तळ्यात पापलेट लागेल, नाही का मामा?" तनुजा मासा कापता कापता म्हणाली. "दोन बास. पण मोठी."

काकासाहेबांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि पापलेट दिसतं कसं, ते नीट विचारून घेतलं.