वस्तीवरचा थांबा

आमच्या जिल्ह्याच्या वाहतूक आराखड्यातून वस्तीवरचा एक बसथांबा मी काढून टाकला. तो मोजणीतल्या चुकीने गेला, असे मी बरीच वर्षे सांगत होतो. तसे नव्हते.

तेव्हा औरंगाबादला कारखाने झपाट्याने उभे राहत होते. आसपासच्या खेड्यांतून माणसे सायकलवर, पायी, मिळेल त्या टेम्पोला लटकून कामावर येत. एसटी, रेल्वे आणि शिफ्टच्या गाड्या यांच्या वेळा एकमेकींना जुळवायच्या, म्हणजे खेड्यातला माणूस स्वतःचे वाहन नसतानाही भोंग्याआधी गेटवर पोहोचेल, हे आमचे काम. मी पंचविशीत होतो. नकाशावर दोन रेघा नीट जुळल्या की त्या दिवशी जेवण गोड लागायचे.

त्याच काळात विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला होता. जरा निवल्यावर मला एका गावात प्रवासी मोजायला पाठवले. गावाबाहेर बौद्ध वस्तीवर एक थांबा होता, दुसरा गावात पाराजवळ. वस्तीवर मी सकाळभर उभा राहिलो. कोणीच आले नाही. घरांची दारे लावलेली होती.

सरपंचांकडे चहा घेताना कारण कळले. ते म्हणाले, "शेजारच्या गावात घरं जाळली ना, म्हणून भ्यालेत. भाईर निघंनात. तुमी लिहून टाका साहेब, तिथं पाशिंजर नाय. गाडी सरळ पारावर येऊ द्या."

वस्तीवर जायला गाडीला वळसा पडायचा आणि तेवढ्याने पहिली पाळी हुकायची. मी लिहिले, 'प्रवासी नाहीत'. का नाहीत, याला रकाना नव्हता. समासात जागा होती.

काही महिन्यांनी नव्या गाडीतून मी हौसेने गेलो. गाडी अगदी वेळेवर पोहोचली. कंडक्टर म्हणाला, "वस्तीवरच्या पॅकिंगला जाणाऱ्या बाया दिसंनात आता. त्यातली एक तर रोज सुट्ट्या पैशावरून भांडायची माझ्याशी. तिच्याबिगर गाडी आळणी झाली बघा."

मी हसलो. थांबा परत घालता आला असता, पण मोजणी कशी झाली ते लेखी द्यावे लागले असते. मी दिले नाही.

पुढे नामांतराचा निर्णय झाला, शेंद्र्याकडेही कारखाने आले, मी चाळिशी ओलांडली. ती बाई मात्र मनातून जाईना. शेवटी एका रविवारी वस्तीवर गेलो. कंडक्टरशी भांडणारी बाई कोण, असे विचारताच लोकांनी हसत घर दाखवले.

ती ओट्यावर तूर पाखडत होती. मागे प्रवासी मोजायला आलेला आराखड्याचा माणूस म्हटल्यावर तिने बसायला पोते टाकले.

"थांबा गेल्यावर गाडी पारावरून धरावी लागायची," ती सांगू लागली. "तिथं टोळकं बसलेलं. काय बाई, कारखान्यात चालली का विद्यापीठात? रोजचंच. मी कुणाला भीत नव्हते. पण एक दिवस एकानं पदर ओढला. मग घरच्यांनी नाय जाऊ दिलं. तवाच नेमकं पर्मनंट करणार व्हते मला. आता लोकांच्या रानात खुरपते."

मी खाली पाहत होतो. तिलाच माझी दया आली असावी.

"आवो, तुमचा काय दोष साहेब? तुमी आले तवा आमी दारं लावून बसलेलो. रिकामा थांबा दिसला, काढला. तुमाला काय सपान पडणार व्हतं?"

हो म्हणून, चहा पिऊन निघता आले असते. माझ्या ऑफिसात सगळे तसेच मानत होते.

"मला ठाऊक होतं," मी म्हणालो.

सूप थांबले.

"तुम्ही भीतीनं आत बसला आहात, हे त्याच दिवशी कळलं होतं. तरी मी लिहिलं नाही, कारण मला गाडी वेळेवर पोचवायची होती. नंतर दुरुस्त करता आलं असतं, तर नोकरीत नाव खराब होईल म्हणून गप्प बसलो. तुमची नोकरी त्यात गेली. ताई, माझं चुकलं. मला माफ करा."