शिर्केला घाम आला नाही

त्या उन्हाळ्यात आमची पलटण राजस्थानात होती. मी सेक्शन कमांडर, हवालदार. नायक विलास शिर्के माझ्या हाताखालचा. दोघेही बडोद्याचे, त्याचं घर जुन्या शहरातल्या घडियाळी पोळमध्ये, माझं जवळच्या कोयली गावात.

शिर्केला आयबीएस होतं. दगदग झाली, जेवण बदललं की पोटात पीळ पडायचा आणि गडी डबा घेऊन झुडपामागे पळायचा. सेक्शन हसायचा, तोही हसायचा. सुट्टीत बडोद्याच्या डॉक्टरांनी त्याला अँटिस्पाझमोडिक गोळी दिली, आतड्याचा पीळ सैल करणारी. एका वेळी एकच घ्यायची. पलटणीच्या डॉक्टरांना, एमओ साहेबांना, मात्र तो काही बोलला नाही. जवान पाय मोडला तर सांगेल, पोटाचं सांगणार नाही. मेडिकल कॅटेगरी डाउन झाली की प्रमोशन गेलं, वर 'मार्च आला की याचं पोट दुखतं' हा शिक्का. शिर्केचं हवालदार होणं त्या महिन्यात ठरणार होतं. त्याआधी पाठीवर पूर्ण वजनाचा पिठ्ठू लावून रूट मार्च होता.

मार्च पहाटे निघाला. नऊनंतर वाळू तापली, शर्ट पाठीला चिकटले. शिर्के ताठ चालत होता. एकदाही रांग सोडली नाही. सुभेदार साहेब खूश झाले.

"शिर्केला बघा! घामाचा थेंब नाही. याला म्हणतात फिटनेस!"

मलाही अभिमान वाटला. आपला बडोद्याचा गडी.

थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "दादा, सुरसागर आला का? पाणी दिसतंय."

सुरसागर म्हणजे आमच्या बडोद्याचं तळं. मला वाटलं, चेष्टा करतोय. तेवढ्यात तो गुडघ्यांवर आला. मी कपाळाला हात लावला. तव्यासारखं तापलेलं, आणि कोरडं.

रेडिओ उचलला. "वन कॅज्युअल्टी. हीट स्ट्रोक. गाडी भेजो. ओव्हर."

"होश में है? ओव्हर."

"नहीं. ओव्हर."

होतं नव्हतं ते सगळं पाणी आम्ही त्याच्यावर ओतलं. हॉस्पिटलच्या वाटेवर शिर्के गेला. खिशात गोळ्यांची पट्टी निघाली, बरीचशी रिकामी. एमओ साहेबांनी ती हातात घेऊन रिकाम्या जागा मोजल्या.

"ही गोळी घामही कमी करते," ते म्हणाले. "एवढ्या घेऊन या उन्हात चालला? मला विचारायचं तरी."

आता मी बडोद्याजवळच्या सावली तालुक्यातल्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर आहे. उन्हाळ्यात गेटवरच्या प्रत्येक गार्डच्या कपाळाला हात लावून बघतो. पोरं हसतात. हसू देत. कोरड्या शर्टाचं कौतुक मला आजही ऐकवत नाही.

दर वर्षी शिर्के गेला त्या तारखेला त्याच्या आईकडे जातो. चहा होतो. निघताना ती दारात गुजरातीत 'आवजो' म्हणते, मी पायऱ्या उतरतो. यंदा तिने माझा हात धरून ठेवला.

"शेवटी पोट दुखत होतं का रे त्याचं?"

"नाही मावशी. त्या दिवशी अजिबात दुखलं नाही."

"तेवढं तरी बरं झालं," ती म्हणाली. "लहानपणापासून फार दुखायचं."